पत्ता आमचा, मजकूर दुसऱ्याला

मामांनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “हे कुणाला लिहिलंय रे?” मेल त्यांच्याच खात्यात आला होता, त्यामुळे प्रश्न जरा विचित्रच. सकाळी चहा झाला की ते स्पॅमचा कप्पा उघडून बसतात. आपण इनबॉक्सही धड वाचत नाही आणि हा माणूस कचऱ्यात पडलेलं एकेक पत्र उघडून, चष्मा पुसून, सावकाश वाचतो. तिकडे बघायचं नसतं, निदान कुठल्या लिंकवर बोट तरी ठेवू नका, असं घरातल्या प्रत्येकाने त्यांना सांगून झालंय. बोट ते ठेवत नाहीत, पण बघतात. त्या दिवशीच्या मेलमध्ये वर एक ओळ होती, पुरुषांसाठीच्या कसल्याशा गोळ्यांची. गोळीचं नाव असं लिहिलेलं की ‘आय’च्या जागी एकचा आकडा, ‘ए’च्या जागी ‘ॲट’चं वेटोळं, अधेमधे टिंबं. त्याखाली लिंक, मग बरीच रिकामी जागा आणि तळाला बारीक करड्या अक्षरांतला एक परिच्छेद. तो मामांनी मोठ्याने वाचून दाखवला. इंग्रजी होतं, मराठीत साधारण असं होईल: ‘तरीसुद्धा बिशपची ओली शिडी, मंगळवारी पितळ, बहिणीने गलबत नाकारले, बहुतेक आज रात्री बदाम.’

“कचरा आहे मामा, काढून टाका.”

“कचरा आहे ते मलाही कळतं. पण एवढं लिहिलं कुणासाठी? मला यातलं काही समजत नाही. गोळ्या विकणाऱ्याचंही बदामांशी काही देणंघेणं नसणार. मग हे पत्र आहे कुणाला?”

मामा नोकरीभर आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. आगगाडीला जोडलेल्या टपालाच्या डब्यात उभ्याने रात्र काढायची, गोणपाटाच्या थैल्या रिकाम्या करायच्या, पुढच्या स्टेशनाच्या आत पत्रं लावून, थैल्या बांधून, लाखेचं सील मारून तयार ठेवायच्या. लहानपणी त्यांना डबा द्यायला आम्ही स्टेशनावर जायचो तेव्हा त्या डब्याच्या दारातून एक वास यायचा. जळक्या लाखेचा, ओल्या गोणपाटाचा आणि शाईचा मिळून झालेला. आत पिवळ्या दिव्याखाली भिंतभर खण, आणि मामांचा हात त्या खणांकडे न बघता चालायचा. पाकीट उचललं, नजर टाकली, भिरकावलं. ते बरोबर आपल्या खणात जाऊन बसायचं. एकट्या वडगावचे किती प्रकार, हे त्यांना तोंडपाठ होतं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला तो याच गोंधळावर उपाय म्हणून. सारख्या नावांची गावं, नाना लिप्या, चुकलेमाकलेले पत्ते. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात कविता आणि नाटकं लिहायचे, याचा मामांना आमच्यापेक्षा जास्त अभिमान. आमच्या खात्यातला माणूस, असं ते अजून म्हणतात. पत्रातला मजकूर मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. सॉर्टर पत्ता वाचतो, मजकूर नाही, हे त्यांचं ठाम मत.

उत्तर मला ढोबळ माहीत होतं. ते बिशप आणि बदाम मामांसाठी नव्हतेच. ते सॉर्टरसाठी होते.

ई-मेलच्या सॉर्टरला, म्हणजे स्पॅम अडवणाऱ्या फिल्टरला, पत्ता वाचून भागत नाही, तिथे सगळी गंमत आहे. पत्ता तर बरोबरच असतो. कागदाच्या पत्राला निदान तिकीट लागायचं. इथे एक पत्र पाठवा की दहा लाख, खर्चात फरक नगण्य. १९७८ च्या मे महिन्यात डीईसी कंपनीच्या गॅरी थर्कने अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या, सुमारे चारशे लोकांना आपल्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकदम धाडलं, तेव्हा पत्त्यांची जागा भरून उरलेले पत्ते खाली मजकुरात सांडले होते. लोक चिडले, वरून समज मिळाली, पण म्हणे विक्री झाली. पुढचं सगळं त्या ‘पण’मधून आलं. नव्वदच्या दशकात हा लोंढा दारात आल्यावर लोकांनी पहिला उपाय केला तो शब्दांच्या याद्यांचा. अमुक गोळीचं नाव दिसलं की अडवा. मग त्या नावात आकडे, टिंबं, फुल्या शिरल्या. माणसाचा डोळा ते सहज ओलांडून वाचतो, यादीला मात्र ते नवं कोरं अक्षरसमूह वाटतात. एका हौशी गृहस्थाने त्या एका गोळीचं नाव किती तऱ्हांनी लिहिता येईल याचा हिशोब मांडला होता. उत्तर आलं सहावर वीस शून्यं. तेवढी लांब यादी कोण करणार?

दुसरा उपाय जास्त हुशारीचा होता. एकच मजकूर लाखो जणांना जातो ना, मग त्याचा ठसा घ्या. पत्रातल्या अक्षरांवरून गणित करून एक छोटा आकडा काढायचा, कुणीतरी ‘हे नकोसं आहे’ म्हणून कळवलं की तो आकडा सगळ्यांना कळवायचा, आणि तोच ठसा घेऊन येणारं पत्र दारातच थांबवायचं. विपुल वेद प्रकाश या भारतीय प्रोग्रामरचं ‘रेझर’ याच तत्त्वावर चालायचं. तोड निघाली ती अगदी पोरकट. प्रत्येक पत्राच्या शेपटाला वेगळी निरर्थक अक्षरं जोडायची. एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. विषयाच्या ओळीच्या शेवटी येणारं ‘क्षझप्ट ८८४१’ छापाचं जे काही असायचं ते हेच. त्याला वाचक नव्हताच, त्याचं काम फक्त शेजारच्या पत्रापेक्षा वेगळं असणं एवढंच. मग अर्धवट जुळणारे ठसेही ओळखणारी गणितं आली, आणि शेपटं लांबत गेली.

बिशपांचा जन्म मात्र २००२ नंतरचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने एक लेख लिहून सांगितलं की नियम लिहीत बसणं सोडा, पत्रंच मोजा. त्याने सुमारे चार हजार नकोशी आणि चार हजार हवीशी पत्रं घेतली आणि कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते संगणकाकडून मोजून घेतलं. नवं पत्र आलं की त्यातले सर्वांत बोलके १५ शब्द निवडायचे आणि त्यांच्या साक्षीवरून निकाल द्यायचा. गणित थॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं. तो १७६१ मध्ये वारला, त्याचा निबंध छापून आला १७६३ मध्ये, आणि जवळजवळ अडीचशे वर्षांनी तो आमच्या गोळ्यांच्या जाहिराती अडवायला उभा राहिला. ग्रॅहमच्या मोजणीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भडक लाल रंगाचा संगणकी कोड, ‘एफएफ’ आणि पुढे चार शून्यं, हा अश्लील शब्दांइतकाच पक्का गुन्हेगार निघाला. माणसाने बसून नियम केले असते तर हे कधी सुचलंच नसतं. आणि दुसरी बाजू त्याहून सुंदर. सज्जनपणाची साक्ष देणारे शब्द कुठले, तर ‘तरी’, ‘आज रात्री’, ‘बहुतेक’. विकणारा माणूस ‘बहुतेक’ म्हणत नाही. ‘आज रात्री’ हे ज्याच्याशी आपलं काही ठरलंय तोच म्हणतो.

आता त्या परिच्छेदाकडे पुन्हा बघा. ‘तरीसुद्धा’, ‘मंगळवारी’, ‘बहिणीने’, ‘बहुतेक आज रात्री’. वरची गोळी पत्राला गुन्हेगार ठरवणार, म्हणून खाली सज्जन साक्षीदारांची रांग उभी केलेली. भाड्याने आणलेले साक्षीदार. कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर असतात तसे. कसली केस, कोण आरोपी, त्यांना काही ठाऊक नाही. हजर राहायचे पैसे मिळाले की झालं.

त्या काळातल्या माझ्या इनबॉक्सची मला अजून आठवण आहे. ऑफिसात संध्याकाळी सगळे गेले की एसीची घरघर तेवढी उरायची, आणि मी उगीचच त्या मेलांवर माऊस धरून वरपासून खालपर्यंत ओढायचो. पांढऱ्या पडद्यावर निळा पट्टा पसरत जायचा आणि त्यात पांढऱ्यावर पांढऱ्याने लिहिलेली अक्षरं उमटायची. वर घड्याळाची जाहिरात, आणि खाली अदृश्य शाईत कुठल्याशा शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीतलं पान. धुकं, घोडागाडी, आजारी आत्या. प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या ठिकाणी स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं फुकट पडलेली असतात, तिथून उचललेलं. कधी नुसते शब्दकोशातून वेचलेले शब्द. कधी व्याकरणाचा भास असलेली पण अर्थाला हुलकावणी देणारी वाक्यं. ती वेगळ्या कारखान्यातली. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितीने १९१३ मध्ये पुश्किनच्या काव्यातली वीस हजार अक्षरं घेऊन स्वरामागून व्यंजन येण्याचा संभव किती, असल्या गोष्टी हाताने मोजल्या होत्या. तीच कल्पना अक्षरांऐवजी शब्दांना लावली की एका शब्दामागून कुठला शब्द येतो एवढ्यावर पानंच्या पानं पाडता येतात. त्यातलं एखादं वाक्य कवितेसारखं झळकून जायचं. जगभर लोक असली वाक्यं जमवून त्यांच्या कविता करत होते. मला ते जरा ओढूनताणून वाटायचं, तरी मीही काही ओळी वहीत उतरवल्या होत्या. चोराने दाराला लावलेली किल्ली आवडावी तसलं काहीतरी. लाजही वाटायची आणि वहीही चालू राहायची.

युक्ती चालली का? ढोबळ उत्तर म्हणजे फारशी नाही, आणि त्याचं कारण मला मनापासून आवडतं. जॉन ग्रॅहम-कमिंग या माणसाने २००४ मध्ये हे तपासून पाहिलं. नुसते यादृच्छिक शब्द ओतून शिकलेल्या फिल्टरला फसवणं कठीण जातं, कारण ‘चांगले’ शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात. कुणाच्या पेटीत कुठले शब्द मायेचे आहेत हे बाहेरच्याला कळत नाही. पत्र उघडलं गेलं की गुपचूप खबर देणारं छोटं चित्र आत ठेवलं, आणि हजारो वेळा वेगवेगळे शब्द घालून पाहिले, तर हळूहळू कळू शकतं. पण एका गोळीपायी एवढं कोण करतो? हे वाचलं तेव्हा मी माझ्याच पत्रव्यवहाराकडे नव्याने पाहिलं. मोबाइलवर देवनागरी यायच्या आधीची ती वर्षं. आम्ही सगळे इंग्रजी लिपीत मराठी लिहायचो, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ‘आहे’ला कुणी दोन ‘ए’ लावायचं, कुणी एक. ‘ळ’साठी कुणी ‘एल’ लिहायचं, कुणी मोठा ‘एल’. ताईच्या मेलमध्ये ‘बाबांचं बीपी’, ‘उद्याची गाडी’, ‘लोणचं पोचलं का’. व्याकरणाच्या बाईंनी पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता. पण माझ्या यंत्रावरच्या फिल्टरच्या दृष्टीने हे सगळे पहिल्या प्रतीचे साक्षीदार. परदेशातल्या कुठल्या तरी खोलीतून सुटलेले बिशप आणि गलबतं तिथे येऊन काय करणार? त्यांना कुणी ओळखतच नव्हतं.

उलटंही व्हायचं, अर्थात. मामा विषयाची ओळ रिकामी ठेवतात किंवा सगळी मोठ्या अक्षरांत लिहितात, तारेच्या सवयीने. दोन्ही गोष्टी फिल्टरच्या डोळ्यांवर येतात. त्यांचं एक पत्र, जमिनीच्या कागदांबद्दलचं, असंच कचऱ्यात जाऊन पडलं होतं. तेव्हापासून त्यांचा कुठल्याच सॉर्टरवर विश्वास उरला नाही. रोज सकाळची तपासणी सुरू झाली ती तिथून.

आणि हे एवढं सगळं कशासाठी? २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्टॉर्म नावाच्या बॉटनेटच्या, म्हणजे मालकाला पत्ता न लागू देता ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याच्या, पोटात शिरून मोजणी केली. सुमारे ३५ कोटी पत्रांमागे औषधांच्या २८ ऑर्डरी. अठ्ठावीस! आमच्या कोपऱ्यावरचा केमिस्ट पाऊण तासात तेवढी गिऱ्हाइकं करतो. तरी धंदा परवडायचा, कारण पत्रं, वीज, संगणक सगळं दुसऱ्याचं. २०११ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की अशा जाहिरातींतली औषधं, नकली घड्याळं, चोरीचं सॉफ्टवेअर यांतल्या ९५ टक्के मालाचे पैसे मूठभर बँकांतून वाहतात. म्हणजे शब्द मोजणारे आम्ही सगळे एका बाजूला घाम गाळत होतो आणि खरी नाडी बँकेच्या खिडकीत होती. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत चीड आणणारा भाग वाटतो, आणि याच्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

मामांना मी हे सांगत होतो तेव्हा त्यांनी मध्येच दुसरा मेल काढला. त्यात कुणी परदेशी राजपुत्र, अडकलेली रक्कम, देवाची शपथ, आणि ओळीओळीला चुका. हीही त्यातलीच भानगड का, असं त्यांचं म्हणणं. नाही, ही वेगळी. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये विचारलं होतं की हे लोक इतकी बदनाम झालेली, हास्यास्पद गोष्ट बदलत का नाहीत? त्यांचं उत्तर असं की ती हास्यास्पद असण्यातच फायदा आहे. पत्र पाठवायला काही लागत नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकामागे ठगाचे दिवस जातात. शेवटपर्यंत जो पैसे देणार नाही त्याने सुरुवातीलाच हसून पत्र फेकून द्यावं, हेच त्याला हवं असतं. मामा हसले. “म्हणजे तोही सॉर्टरच की. आपल्याला खणात टाकतो.”

आता पत्रापेक्षा फोनवरचे मेसेज जास्त, आणि युक्त्या त्याच. रशियन लिपीतला ‘ए’सारखा दिसणारा ‘ए’ इंग्रजी शब्दात घुसवायचा. गणितासाठी युनिकोड या संगणकी अक्षरसंचात ठेवलेली जाड, तिरकी, वेलबुट्टीदार अक्षरं वापरून रमीची जाहिरात लिहायची. आपल्याला नुसती सजावट वाटते, यंत्राला तो निराळाच वर्ण दिसतो. अक्षरांच्या मध्ये अदृश्य चिन्हं पेरायची. अशी सगळी अदृश्य चिन्हं सरसकट काढून का टाकत नाहीत, असं एकदा एका मित्राने विचारलं. तर त्याला म्हटलं, बाबा रे, त्यातलं एक जोडचिन्ह आपल्याला लागतं. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला कोयत्यासारखा अर्धा र लिहायची एक रीत त्याच्या आधारानेच चालते. ते उपटलं की आमच्या वाऱ्याचा ‘वार्या’ होतो. चोराचं हत्यार आणि आमच्या लिपीचा टेकू एकच, त्यामुळे रखवालदाराला हात जपून चालवावा लागतो.

ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१८ च्या नियमांत मेसेजसाठी वेगळाच रस्ता धरला. व्यापारी मेसेज पाठवणाऱ्याने आपलं नाव नोंदवायचं, मजकुराचा साचाही आधी नोंदवायचा, आणि साच्यात न बसणारा मेसेज पुढे जाऊ द्यायचा नाही. ई-मेलवाल्यांचंही लक्ष हळूहळू शब्दांवरून पाठवणाऱ्याकडे वळलं. पत्र ज्या डोमेनचं, म्हणजे पत्त्यात ‘ॲट’नंतर येणाऱ्या नावाचं, म्हणवतं तिथूनच निघालंय का, त्यावर त्याची डिजिटल सही आहे का. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं. मामांना यातलं तांत्रिक काही सांगायची गरज पडली नाही. शिक्का बघायचा, ते म्हणाले, मजकूर कशाला वाचायचा? त्यांना ते आधीपासूनच योग्य वाटत होतं. मला वाटतं, त्यांना मुळात खुपत होतं ते हेच, की कुणीतरी आपली पत्रं आतून वाचून खणात टाकतंय. यंत्र असलं म्हणून काय झालं? ताईच्या लोणच्यासकट सगळं त्याने मोजलेलं. मी इतकी वर्षं ते सोय म्हणून घेतलं आणि अजूनही घेतोच. बंद करायचा विचार मनात येत नाही. पण मामांचं म्हणणं खोडूनही काढता येत नाही.

बिशप आणि बदाम आता क्वचित दिसतात. मार्कोव्हची ती मोजणी वाढत वाढत अशा यंत्रांपर्यंत आलीय की पुढचा शब्द कुठला, हे ती अर्थाचा तोल सांभाळून सांगतात. भाड्याचे साक्षीदार आणायची गरज उरली नाही, आरोपीच सुसंस्कृत बोलायला लागला. वीज तोडण्याची धमकी देणारा तो मेसेज आठवतो ना, २०२२ मध्ये जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेला? इंग्रजी मोडकं, नको तिथे मोठी अक्षरं, मागच्या महिन्याचं बिल ‘अपडेट’ झालेलं नाही, आणि आज रात्री साडेनऊला वीज जाणार. ‘आज रात्री’, वीस वर्षांपूर्वीच्या मोजणीतला तो सज्जन शब्द. त्याचाच नवा अवतार गेल्या आठवड्यात मामांच्या फोनवर आला, मराठीत. “माननीय ग्राहक” असा मायना, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ असा शेवट. मामांनी तो दोनदा वाचला आणि लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मग वर पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी पाहिलं. नोंदणीचं नाव कुठेच नव्हतं, नुसता कुणाचा तरी दहा आकडी मोबाइल नंबर होता. “बेवारस टपाल,” म्हणाले, आणि पुढच्या मेसेजकडे वळले.